मरळीसाठी वळलेलं रेशीम

माझी थोरली मुलगी जन्मली तेव्हा मी वाशीमला एका पटवेकऱ्याच्या दुकानात दोरा वळायच्या कामाला होतो. करगोटे, ताईत ओवायचे गोफ, दागिन्यांचे गोंडे, मण्यांच्या पोती, असली कामं. दिवसभर पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून पदर वळत बसायचं. काही वर्षांनी बोटांना अशी सवय लागते, की दोरा नुसता चिमटीत धरला तरी तो किती पदरी आहे आणि किती ताण सोसेल ते कळतं.

आम्ही जातीचे भोई. आजोबांपर्यंत सगळे नदीवरच जगले. माझे वडील तरुणपणी वाशीमला आले, रेल्वे स्टेशनावर हमाली केली आणि मला या दुकानात चिकटवून दिलं. त्यामुळे भोयाचा मुलगा असून मला वल्हं कसं धरतात ते ठाऊक नव्हतं. सासरे मात्र पुरते नदीचे. रिसोडच्या पलीकडे पैनगंगेच्या काठी त्यांचं गाव. पावसाळ्यात ते लोकांना डोंग्यातून पैलतीराला न्यायचे, एरवी मासे धरायचे, आणि नदी आटली की काठच्या गाळात टरबुजं लावायचे. लग्न जमवताना त्यांच्या मनात मी नव्हतो. शहरातला, बसून काम करणारा, मऊ हातांचा जावई त्यांना नको होता. सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून त्यांनी मुलगी दिली. ते मला कधी वाईट बोलले नाहीत, पण मी गेलो की 'आले का' एवढं विचारून नदीकडे निघून जायचे.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. थंडी चांगली पडली होती तेव्हा तिकडून आलेल्या एका गाडीवानाने निरोप आणला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मालकाने सुट्टी दिली, वर मुलीच्या करगोट्यासाठी काळ्या रेशमाची एक लड हातात ठेवली. मी खोबरं, खारीक, डिंक घेतला. रिसोडपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे कोणाची तरी बैलगाडी आणि शेवटी पायी, असा दिवस मावळायच्या आत सासरी पोहोचलो.

सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की निरोप पुरा खरा नव्हता. बायकोला बाळंतपणात ताप आला होता. आता ताप उतरला होता, पण अंगावर दूध येत नव्हतं. मुलीला शेळीच्या दुधात भिजवलेला कापसाचा बोळा चोखायला द्यायचे. तेवढ्यापुरती ती गप्प व्हायची आणि थोड्या वेळात पुन्हा रडायला लागायची.

बारसं व्हायचं होतं, त्यामुळे मला खोलीत जाता येत नव्हतं. मी दाराशी उभा राहिलो. बाजेखाली शेगडी होती, धुरी दिलेली होती. बायको इतकी वाळली होती की मला आधी ती दिसलीच नाही, नुसती गोधडी दिसली. तिने माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तिले पोटभर देता येत नाई मले," ती म्हणाली.

मी खोबऱ्याची पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि अंगणात आलो.

सुईणीने सांगितलं होतं की मरळीचा रस्सा द्या, ताज्या मरळीचा, म्हणजे दूध उतरेल. बाजारात त्या दिवसांत वाळलेली मासळी तेवढी मिळायची. सासरे रोज नदीवर जात होते आणि रोज झिंगे नाहीतर बोटाएवढी मासळी घेऊन येत होते. गावाखालच्या डोहात एक मोठी मरळ होती, काठच्या उंबराच्या मुळांखाली तिचं घर. जाळं टाकलं की ती मुळांत दडायची. तिला गळानेच काढायला पाहिजे होतं, आणि गळाला ती लागत नव्हती. हे सगळं सासूबाईंनी मला जेवायला वाढताना सांगितलं.

सासरे अंगणात दिव्याजवळ बसून दोरी गुंडाळत होते. त्यांच्यापुढे वीतभर लांबीच्या तीन काटक्या होत्या आणि प्रत्येकीवर एक दोरी. एक सणाची, जाड. दुसरी सुताची, मध्यम. तिसरीही सुताचीच, पण बारीक. पाण्यात सडू नयेत म्हणून तिन्ही बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळून तांबूस केलेल्या. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि काही न विचारता बारीक दोरी हातात घेतली. तिचं टोक पिंजलेलं होतं.

"ही ताणानं तुटली," मी म्हणालो.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग हळूहळू बोलायला लागले. जाड दोरी मरळीला दिसते, हिवाळ्यात पाणी काचेसारखं असतं. बारीक लावली तर ती झटक्यात तोडते. मी म्हणालो की रेशीम लावून बघितलं तर, सुताच्या निम्म्या जाडीत तेवढंच बळ येतं. ते थोडंसं हसले आणि म्हणाले, रेशीम बायकाइच्या गळ्यात शोभते.

सकाळी उजाडताच ते निघाले तसा मीही निघालो. लड माझ्या बंडीच्या खिशात होती. डोंग्यापाशी ते थांबले.

"जावईबापू, तुमी घरी बसा. जावयाले डोंग्यात बसवलं तं लोकं मले हासतीन."

"मामाजी, पोरगी माही बी हाये," मी म्हणालो.

त्यांनी डोंगा एका हाताने धरून ठेवला, मी चढेपर्यंत.

डोंगा म्हणजे एकाच झाडाचं कोरलेलं खोड. नुसती मान वळवली तरी डुलायचा. मी मधे मांडी घालून बसलो, दोन्ही हात काठांवर. पाण्यावरून वाफ निघत होती. ते मागे उभे राहून बांबूने डोंगा ढकलत होते आणि त्याचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. उंबरापासून थोडं अलीकडे त्यांनी डोंगा थांबवला आणि बोटाने दाखवलं. मरळीला मधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. तिथे पाणी जरा फुगलं, एक काळं डोकं दिसलं, आणि गेलं.

त्यांनी आधी जाड दोरीच लावली. त्यांचा हिशेब असा, की एकदा गळ रुतला तर तिला मुळांत शिरू न देता एका हिसक्यात ओढायची. गळाला लहानशी बेडकी लावून त्यांनी अलगद सोडली. पण सणाच्या दोरीच्या भाराने बेडकी पोहू शकेना, बुडत गेली. मरळ मुळांतून बाहेर आली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि परतली. मला वरून सगळं दिसत होतं. मग त्यांनी ती गुंडाळून मधली सोडली. बेडकी थोडी हलली, पण दोरी पाण्यात काडीसारखी दिसत होती. मरळीने बेडकीला नुसतं नाक लावलं.

बारीक दोरी त्यांनी हातात घेतली, तिच्या पिंजलेल्या टोकाकडे बघितलं आणि खाली ठेवली.

"तुमचं रेशीम दाखवा," शेवटी म्हणाले.

मी लड काढून पाण्यात बुचकळली. सूत ओलं झालं की बळावतं, रेशीम ओलं झालं की थोडं सैलावतं, म्हणून त्याचा अंदाज ओल्यावरच घ्यायचा, हे मी त्यांना सांगितलं. मग पायाच्या अंगठ्याला पदर अडकवून मांडीवर वळायला लागलो. डुलत्या डोंग्यात मी पहिल्यांदाच वळत होतो, पण हात आपले आपण चालत होते. त्यांना जास्त पदर हवे होते, मला कमी. पहिल्यांदा त्यांच्या मनासारखं केलं, तर दोरा त्यांच्या बारीक दोरीएवढाच झाला. त्यांनीच तो उजेडात धरून बघितला आणि अर्धे पदर काढायला सांगितले. मी काढले. उरला तो उकलून पुन्हा घट्ट वळला. त्यांनी बांबूला वेढा देऊन दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि गळ माझ्याकडे दिला. त्यांची गाठ रेशमावर घसरत होती, म्हणून पदकाला मारतो ती गाठ मी मारली.

आता बेडकी मोकळी पोहायला लागली. रेशीम पाण्यात कुठे आहे ते मलाही दिसेना. मरळ आली आणि या वेळी थांबली नाही. सासऱ्यांनी हिसका दिला, पाणी उसळलं, आणि दोरा हलका होऊन परत आला. गळ गेला होता.

मला वाटलं माझं वळणंच कमी पडलं. मी टोक चिमटीत धरलं. ते पिंजलेलं नव्हतं, ताणलेलं नव्हतं, कात्रीने कापावं तसं सपाट होतं.

"तुटला नाई," मी म्हणालो, "दातानं कापला."

त्यांनीही टोकावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. म्हणजे जाडी लागत होती ती तोंडापाशी, आणि आम्ही सगळ्या दोरीचा विचार करत होतो. मधल्या दोरीची वीतभर गळापाशी लावायची आणि पुढे सगळं रेशीम, असं मी सुचवलं. ते म्हणाले, वीतभर नको, चार बोटं पुरे, तिचं तोंड केवढं ते मला माहीत आहे. चार बोटं कापली. सूत आणि रेशीम एकमेकांत गुंफून जोड बांधला. नवा गळ, नवी बेडकी. पण मरळ आता घाबरली होती. ऊन वर येईपर्यंत ती बाहेर पडणार नाही, असं ते म्हणाले, आणि आम्ही थांबलो.

त्या थांबण्यात ते बोलले. माझ्याकडे पाठ करून, पाण्यावर नजर ठेवून, अगदी हळू आवाजात. ही मुलगी, म्हणजे माझी बायको, जन्मली तेव्हा सासूबाईंनाही असंच झालं होतं. तेव्हा नदीला पूर होता, गढूळ पाण्यात काही मिळत नव्हतं. शेजारच्या एका लेकुरवाळ्या बाईने हिला आपल्या मुलाबरोबर अंगावर पाजलं. तिच्या दारात ते रोज संध्याकाळी मुलीला घेऊन उभे राहायचे. ती बाई कधी नाही म्हणाली नाही, तरी दारात उभं राहताना त्यांना फार वाईट वाटायचं. घरात नदी आहे आणि आपण लेकराला उपाशी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे आहोत, असं ते म्हणाले. ती बाई आता नव्हती. गावात दुसरी ओली बाळंतीण कोणी नव्हती.

मी म्हणालो की ही लहानपणच्या गोष्टी सांगते, त्यांत तुम्हीच असता. तुमच्या पाठीवर बसून नदी ओलांडायची ते सांगते. हे खरंच होतं. नवीन लग्न झालं तेव्हा वाशीमच्या त्या एका खोलीत आम्हाला बोलायला विषय नसायचा, आणि मग ती नदीचं सांगायची. ते वळले नाहीत, पण त्यांचा बांबूवरचा हात थोडा हलला.

ऊन उंबराच्या पानांतून पाण्यावर आलं तेव्हा पाणी पुन्हा फुगलं. सासऱ्यांनी बेडकी सोडली. मरळ मुळांच्या तोंडाशी आली, थांबली, आणि घेतली. या वेळी त्यांनी तिला गिळू दिलं, मग हिसका दिला. दोरा ताणला गेला आणि डोंगा तिच्या दिशेने सरकला.

मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. इतकी वर्षं नदीवर काढलेले ते हात थरथरत होते. दोऱ्यातून ती थरथर मला दिसत होती.

"मामाजी, ढील द्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माह्या हातानं तुटन आता," ते म्हणाले. "पोरीचं मनात येऊन राह्यलं. तुमी धरा."

दोरा माझ्या हातात आला. मासा कसा ओढतात ते मला माहीत नव्हतं, पण दोरा किती सोसतो ते माहीत होतं. रेशीम तुटायच्या आधी बोटाला एक बारीक कुरकुर लागते. ती लागली की मी सोडायचो, थांबली की घ्यायचो. एवढंच करत राहिलो. मरळ मुळांकडे वळली. तिथे शिरली असती तर सगळंच संपलं असतं. सासऱ्यांनी बांबू टाकला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरले. हिवाळ्यातलं सकाळचं पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. ते मुळांच्या तोंडापुढे उभे राहून पायांनी पाणी ढवळायला लागले. मरळ बिचकून मोकळ्या डोहाकडे फिरली आणि मग तिला माझ्या दोऱ्याशिवाय कुठे अडकायला जागा राहिली नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. माझी बोटं चिरली होती ते नंतर कळलं. मरळ दमून पांढरं पोट वर करून तरंगली तेव्हा त्यांनी तिला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि तशीच डोंग्यात माझ्या मांडीवर ठेवली.

ते काठाला लागेपर्यंत थंडीने कुडकुडत होते. मी माझं उपरणं काढून त्यांच्या खांद्यावर टाकायला गेलो, तर नको म्हणाले. मग घेतलं.

घरी पोहोचलो तेव्हा सासूबाईंनी मासा बघून तोंडाला पदर लावला. खोलीतून बायकोने विचारलं, कोणी धरली. सासरे म्हणाले, जावयाने. मी दारातून म्हणालो, मामाजींनी. आम्ही दोघेही दोनदा तेच म्हणालो. तेव्हा ती हसली. आवाज अगदी बारीक होता, पण हसली. मुलगीसुद्धा रडता रडता जरा थांबली, असं मला वाटलं.

सासूबाईंनी लसूण, मिरे आणि थोडं तूप घालून पातळ रस्सा केला. बायको सगळा प्यायली आणि झोपली. संध्याकाळपर्यंत झोपली. दूध लगेच उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी रस्सा दिला, तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी आणखी एक लहान मरळ आणली, त्याच दोऱ्याने. मग एके सकाळी मी अंगणात दात घासत होतो आणि खोलीतलं रडणं एकदम थांबलं, ते थांबलेलंच राहिलं. सासूबाई बाहेर आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. दूध उतरलं ते रश्श्याने, ताप गेल्याने, की पोटभर झोपल्याने, मी सांगू शकत नाही. सुईणीला मात्र कसलीही शंका नव्हती.

बारसं झालं. करगोट्याला रेशीम थोडंच उरलं होतं, म्हणून तो बारीक झाला. बायको म्हणाली, असू द्या, तिची कंबर तरी केवढी आहे. त्या दिवशी मी मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. तिने माझं चिरलेलं बोट मुठीत धरलं आणि ते सोडवून घ्यावं असं मला वाटेना, म्हणून जेवायची पंगत माझ्यासाठी थांबून राहिली.

मी परत निघालो तेव्हा सासरे गाडीवाटेपर्यंत पोहोचवायला आले. याआधी ते कधी आले नव्हते. गाडी आली, मी चढलो. त्यांनी गाडीच्या दांडीवर हात ठेवला.

"उन्हाळ्यात या," ते म्हणाले. "म्हशी बसून बसून पानी गढूळ होते. तवा जाड दोरी बी चालते. तुमाले शिकवतो."

मी येतो म्हणालो. बैल चालायला लागले तरी ते काही पावलं गाडीबरोबर चालत राहिले, आणि मग वाट नदीकडे उतरते तिथे थांबले.